‘बेगम बर्वे’ : दोन भंगलेल्या पुरुषांच्या प्रीतीचे नाट्यरूप

१

मराठी शृंगारकाव्याचा विचार करताना सोलापूरचे नाव टाळता येत नाही. शाहीर राम जोशी याची ही जन्मभूमी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका ब्राह्मण घराण्यात जन्मलेला हा कवी तमाशाच्या फडात रमला. त्यापायी त्याला घर सोडावे लागले. पुढे पंढरपुरास राहून त्याने संस्कृत विद्येचे अध्ययन केले आणि कीर्तनकार म्हणूनही लौकिक मिळविला. त्याच्या आणि त्याच्या समकालीन शाहिरांच्या शृंगारिक लावण्या पाहिल्यास एक गोष्ट चटकन ध्यानात येते. या लावण्यांतील विरह, रुसवा, आर्जव आणि मीलनाची ओढ ही बहुशः स्त्रीच्या मुखाने बोलते. परंतु ती रचणारा पुरुष, डफावर ती गाणारा पुरुष, लुगडे नेसून तीवर नाचणारा ‘नाच्या पोऱ्या’ही पुरुष आणि समोर बसून माना डोलाविणारा समुदाय प्रामुख्याने पुरुषांचाच. स्त्रीच्या मनाची ही सारी उलाढाल पुरुषांनी पुरुषांसाठी उभी केलेली होती.

या व्यवस्थेमागे समाजाने एक अलिखित करार गृहीत धरलेला होता. पुरुषाने पुरुषापुढे शृंगार मांडावा; मात्र दोघांपैकी एकाने स्त्रीवेष घेतलेला असावा आणि पहाट होताच तो उतरवून ठेवावा. वेष आहे तोवर कौतुक, वेष उतरला की विस्मृती, असा हा व्यवहार होता. पण ज्याला तो वेष उतरविता येत नाही, ज्याच्या अंगात तो मुरून बसलेला आहे, त्याचे पुढे काय होते? आणि अशा माणसावर दुसऱ्या एखाद्या एकाकी पुरुषाचा जीव जडला, तर त्या प्रीतीला कोणती भाषा मिळते? शाहिरी वाङ्‌मयाने हा प्रश्न विचारला नाही; संगीत रंगभूमीनेही आपल्या भरभराटीच्या काळात तो विचारला नाही. तो विचारला गेला १९७९ मध्ये, सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ या नाटकात. दोन भंगलेल्या पुरुषांमधील प्रीती हा त्या नाटकाचा गाभा आहे, असे मानून त्या प्रीतीची घडण कशी झाली आहे याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

या नाटकाची पार्श्वभूमी समजण्यासाठी स्त्रीपार्टी नटांच्या परंपरेकडे थोडे वळले पाहिजे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने मराठी संगीत नाटकाच्या युगाला आरंभ झाला. भाऊराव कोल्हटकरांनी प्रथम स्त्रीभूमिकांतून आणि नंतर पुरुषभूमिकांतून कीर्ती मिळविली. त्यानंतर नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी स्त्रीभूमिकेला जे वैभव प्राप्त करून दिले त्याला तोड नाही. १९११ मधील ‘मानापमान’ची भामिनी, १९१६ मधील ‘स्वयंवर’ची रुक्मिणी आणि १९१९ मधील ‘एकच प्याला’तील सिंधू या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना वेड लावले. कुलीन स्त्रियांनी बालगंधर्वांच्या नेसण्याचे आणि केशभूषेचे अनुकरण करावे, इतकी ही मोहिनी प्रभावी होती. पुरुषाने स्त्री कशी असते ते दाखवावे आणि स्त्रियांनी ते पाहून स्त्री कसे व्हावे ते शिकावे, असा हा विलक्षण उलटा प्रवाह होता.

परंतु या वैभवाला एक दुसरी बाजूही होती. नाटक कंपनी म्हणजे केवळ नायक-नायिका नव्हेत. पदराआड उभ्या राहणाऱ्या सख्या, दासी, झारी घेऊन येणाऱ्या परिचारिका या सर्व भूमिका करणारी पोरे कंपनीत वाढत. त्यांचे घर म्हणजे कंपनीचे बिऱ्हाड. त्यांची विद्या म्हणजे नेसणे, मुरडणे, चार पदे आणि तोंडपाठ संवाद. १९३१ नंतर बोलपटांचा प्रसार झाला आणि संगीत नाटक मंडळ्यांचे अर्थकारण कोसळले. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हा बदल न्याय्य होता आणि इष्टही होता. मात्र त्यामुळे स्त्रीपार्टी नटाची आवश्यकताच संपली. श्रेष्ठ नटांची नावे इतिहासात राहिली. त्यांच्या मागे चवरी ढाळणाऱ्या सख्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ‘बेगम बर्वे’तील बर्वे हा त्या नोंद न झालेल्यांचा प्रतिनिधी होय.

हे नाटक पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगभूमीवर आणले. ‘घाशीराम कोतवाल’च्या प्रयोगांवरून प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये मतभेद झाल्यानंतर १९७३ मध्ये तरुण रंगकर्मींनी ही संस्था स्थापन केली. तिच्या संस्थापकांत अग्रगण्य असलेले डॉ. जब्बार पटेल यांचा जन्म पंढरपूरचा आणि शालेय शिक्षण सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेतील. गाणे, नाच आणि समूहाची हालचाल ही जुनी साधने नव्या आशयासाठी वापरण्याची जी दृष्टी ‘घाशीराम’ने दिली, तिच्याच वातावरणात आळेकरांचे नाट्यलेखन वाढले. ‘बेगम बर्वे’चे दिग्दर्शन स्वतः आळेकरांनी केले आणि बर्वेची भूमिका चंद्रकांत काळे यांनी साकार केली.

३

नाटकातील पात्रे चारच आहेत आणि चारही पुरुष आहेत. बर्वे हा एकेकाळी संगीत नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका करणारा नट. नायिकेची भूमिका त्याच्या वाट्याला कधी आली नाही. आता तो उतारवयात उदबत्त्या विकतो. त्याचा मालक श्यामराव हा पूर्वीचा टांगेवाला. बर्वेला ‘बेगम’ म्हणून राबविणारा, त्याच्या कमाईवर जगणारा आणि त्याचा शारीरिक छळ करणारा असा हा पुरुष. दुसरीकडे जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून, अविवाहित, एकमेकांच्या सोबतीने दिवस ढकलणारे. जावडेकराच्या मनात कचेरीतील नलावडेबाईंविषयी अभिलाषा आहे. पण ती बोलून दाखविण्याचे धैर्य त्याच्यापाशी नाही. नलावडेबाई हे पात्र रंगमंचावर येतच नाही. या नाटकात स्त्री केवळ नावाने वावरते; शरीरे सगळी पुरुषांचीच आहेत.

या रचनेकडे बारकाईने पाहिले असता नाटकात तीन जोड्या दिसतात : बर्वे आणि श्यामराव, जावडेकर आणि बावडेकर, बर्वे आणि जावडेकर. पहिली जोडी सत्तेची आहे, दुसरी सवयीची आणि तिसरी स्वप्नाची. जावडेकर-बावडेकर ही नावे तर इतकी सारखी ठेवली आहेत की एकाचे एकाकीपण दुसऱ्याच्या आरशात पाहावे. या दोघांची सोबत ही एका अर्थाने संसारच आहे. परंतु त्या संसाराला नाव नाही आणि म्हणून त्यातून दोघांनाही समाधान नाही. सोबत असूनही एकटेपणा जात नाही, हे या कारकुनांचे दुःख. सोबत आहे पण तीत माया नाही, हे बर्वेचे दुःख. अशा दोन दुःखांची गाठ पडते तेव्हा तिसरी जोडी निर्माण होते.

४

ही गाठ कशी पडते, हा नाटकाच्या रचनेतील सर्वांत मोलाचा भाग होय. बर्वेचे एक दिवास्वप्न आहे : आपण नायिका व्हावे, आपल्यासाठी कोणी नायक यावा, आपल्या पदाला दाद मिळावी. जावडेकराचेही एक दिवास्वप्न आहे : नलावडेबाईंनी आपल्या आयुष्यात यावे, चारचौघांसारखा आपला संसार व्हावा. एकापाशी स्त्रीत्वाचे सर्व विभ्रम आहेत, पण ते ज्याच्यापुढे प्रकट करावेत असा पुरुष नाही. दुसऱ्यापाशी प्रियेचे नाव आहे, पण त्या नावामागे उभे राहणारे माणूस नाही. ही दोन स्वप्ने नाटकात एकमेकांत शिरतात. उदबत्ती विकणारा बर्वे जावडेकराच्या कल्पनेतील नलावडेबाई होतो. जावडेकर बर्वेच्या कल्पनेतील नायक होतो. लग्न लागते, संसार मांडला जातो, डोहाळे लागण्यापर्यंत मजल जाते. जुन्या संगीत नाटकांतील पदे या सर्व प्रसंगांत जागोजागी गुंफलेली आहेत आणि प्रेक्षकाला ती पाठ असल्यामुळे तोही या भासात नकळत सामील होतो.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेणे अवश्य आहे. वेषांतराची नाटके मराठीत विपुल आहेत. त्यांत पुरुष स्त्रीवेष घेतो तो कोणाला तरी फसविण्यासाठी, आणि शेवटी वेष उघडा पडला की हशा पिकतो. ‘बेगम बर्वे’त कोणी कोणाला फसवीत नाही. जावडेकराला भास हवा आहे आणि बर्वेलाही हवा आहे. दोघे मिळून तो जतन करतात. दोन माणसे एकच खोटे सारख्याच निष्ठेने सांभाळू लागली, म्हणजे त्या खोट्याला विश्वासाचे रूप येते. या प्रीतीचा पाया असा आहे. जावडेकर प्रेम करतो ते नलावडेबाईंवर. बर्वेवर नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. बर्वेही प्रेम करतो ते नायिकेच्या भूमिकेवर, जावडेकरावर नव्हे, असेही म्हणता येईल. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही ज्या हातांनी कोणी कोणाची विचारपूस केली ते हात खरे होते. ज्या कानांनी बर्वेचे गाणे नायिकेचे गाणे म्हणून ऐकले ते कान खरे होते. आयुष्यात प्रथमच कोणीतरी बर्वेला दासीच्या जागेवरून उठवून मध्यभागी बसविले. भास खोटा असला, तरी त्या भासात एकमेकांना दिलेला आदर खोटा ठरत नाही.

गर्भारपणाची कल्पना या प्रीतीला तिच्या सीमेपर्यंत नेते. लग्न हा विधी आहे आणि विधीचे सोंग आणता येते. नाट्यपद हे गाणे आहे आणि गाणे उसने घेता येते. परंतु मूल हे शरीराचे सत्य आहे, त्याचे सोंग आणता येत नाही. बर्वे जेव्हा डोहाळ्यांची हौस धरतो तेव्हा प्रेक्षकाला प्रथम हसू येते आणि मग ते ओठांवरच थिजते. कारण त्या क्षणी हे ध्यानात येते की या दोघांना केवळ विरंगुळा नको आहे, त्यांना भविष्य हवे आहे. भंगलेल्या माणसांना भूतकाळ पुष्कळ असतो. उद्याचा दिवस मात्र कोणाकडून तरी उसना आणावा लागतो. बर्वे आणि जावडेकर तो संगीत नाटकाकडून आणतात, आणि संगीत नाटक तर केव्हाच मावळलेले आहे.

५

या नाटकातील काळोख श्यामरावाच्या पात्रात एकवटला आहे. त्याला निव्वळ खलपुरुष मानणे सोयीचे असले, तरी ते पुरेसे नाही. टांगा हेही एक गेलेले युग आहे. शहरांतून रिक्षा आणि मोटारी वाढल्या तसे टांगेवाल्याचे पोट गेले, जसे बोलपटांनी स्त्रीपार्टीचे पोट नेले. श्यामराव आणि बर्वे हे एकाच जुन्या जगाचे दोन अवशेष होत. एकाने आपल्या ऱ्हासाचा सूड घेण्यासाठी दुसऱ्याला हाताशी धरले आहे. घोडा गेला, पण चाबूक राहिला, अशी त्याची अवस्था आहे. त्याच्या दृष्टीने ‘बेगम’ हे नाव म्हणजे उपहास आणि मालकी यांचे मिश्रण. बर्वे हे सारे का सोसतो? जाण्याला दुसरी जागा नाही, हे एक कारण. दुसरे कारण अधिक दुःखद आहे. या जगात बर्वेला स्त्री म्हणून हाक मारणारा, थट्टेने का होईना, हाच एक माणूस आहे. ज्या हाकेने अपमान होतो तिच्यातच आपली ओळख शाबूत राहते, ही बर्वेची कोंडी आहे. अशा कोंडीतून पीडक आणि पीडित यांच्यात एक प्रकारचे बंधन तयार होते. त्याला प्रेम म्हणवत नाही आणि केवळ वैरही म्हणवत नाही.

म्हणूनच जावडेकराशी मांडलेला संसार जेव्हा श्यामराव मोडून टाकतो, तेव्हा नाटक एक कठोर गोष्ट सांगते. भासाचे घर ज्यांनी बांधले त्यांची त्यावर मालकी नव्हती. नाव उसने, पदे उसनी, वेष उसना आणि ज्या देहावर हे सारे उभे राहिले तो देहही दुसऱ्याच्या ताब्यात. जावडेकर बर्वेचे रक्षण करू शकत नाही, कारण आपण कोणाचे रक्षण करीत आहो हेच त्याला स्वतःशी कबूल करता येत नाही. नलावडेबाईंसाठी तो कदाचित उभा राहिला असता. बर्वेसाठी उभे राहावयाचे तर बर्वेला बर्वे म्हणून ओळखावे लागले असते. या प्रीतीचा घात बाहेरून श्यामराव करतो हे खरे. पण तिला आतूनच एक तडा गेलेला होता, तो हा.

६

‘बेगम बर्वे’चा अर्थ मध्यमवर्गीय मराठी मनाच्या स्मरणरंजनावरील भाष्य असा अनेकांनी लावला आहे, आणि तो यथार्थ आहे. गतवैभवाच्या पदांवर डोलणारा समाज वर्तमानापासून कसा पळ काढतो, हे नाटक निश्चितच दाखविते. परंतु केवळ प्रतीकाच्या पातळीवर राहिल्यास बर्वे हा माणूस निसटून जातो. १९७९ मध्ये, म्हणजे हे नाटक आले तेव्हा, भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ लागू होते आणि दोन प्रौढ पुरुषांमधील परस्परसंमत संबंधही त्या कलमाखाली गुन्हा ठरत असे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्यापूर्वी १५ एप्रिल २०१४ रोजी त्याच न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला होता. आजचा वाचक बर्वेला पुरुष म्हणेल, की पुरुषदेहात कोंडलेली स्त्री म्हणेल, हा प्रश्न या निर्णयांनंतर अधिक तीव्रतेने उभा राहतो. नाटक त्याचे उत्तर देत नाही. ते एवढेच दाखविते की बर्वेला स्वतःविषयी बोलण्यासाठी नाट्यपदांखेरीज दुसरी भाषा उपलब्ध नव्हती, आणि ज्याला स्वतःची भाषा नाही त्याला स्वतःचा हक्कही मागता येत नाही.

या संदर्भात आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या १९८० मधील कादंबरीची आठवण होते. तिच्यावर आधारलेला चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यातील नाच्याची मध्यवर्ती भूमिका सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर घडलेले अतुल कुलकर्णी यांनी केली. तेथील गुणा हा पिळदार शरीराचा मजूर तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि त्याची जबर किंमत मोजतो. गुणाला समाज छळतो तो स्त्रीवेषाबद्दल. मात्र गुणाच्या मनात आपण कोण आहो याविषयी संदेह नाही. तो फडावर नाच्या आहे आणि फडाबाहेर पुरुष. बर्वेच्या बाबतीत फड केव्हाच मोडला आणि नाच्या तेवढा शिल्लक राहिला. राम जोशीच्या काळापासून चालत आलेला जो करार प्रारंभी सांगितला, तो गुणाला जाचतो. बर्वेसाठी तर तो करारच संपुष्टात आलेला आहे आणि त्याचे देणे फेडणारा कोणी उरलेला नाही.

पुढील काळात मराठीत या विषयाची दालने उघडली. सचिन कुंडलकर यांच्या २००६ मधील ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीतील तरुण आपल्या पुरुषप्रेमाविषयी प्रथमपुरुषी निवेदनातून स्वतःच बोलतो. त्याला स्त्रीच्या नावाआड लपावे लागत नाही. बर्वेपासून या तरुणापर्यंतचे अंतर सुमारे पाव शतकाचे आहे आणि भाषेच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. तथापि ‘बेगम बर्वे’चे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. शांता गोखले यांच्या इंग्रजी अनुवादामुळे आणि अन्य भारतीय भाषांतील प्रयोगांमुळे हे नाटक महाराष्ट्राबाहेरही गेले. संगीत नाटकाची परंपरा ज्यांच्या परिचयाची नाही त्यांनाही त्यातील वेदना पोचली. याचे कारण पदांत नाही. कोणीतरी आपल्याला हवे तसे पाहावे, निदान एक संध्याकाळ तरी, या साध्या मानवी गरजेत आहे.

सारांश, ‘बेगम बर्वे’तील प्रीती ही दोन संपूर्ण माणसांची प्रीती नव्हे. ती दोन अपुरेपणांची एकमेकांना पडलेली गरज आहे. तीत दुर्बलता आहे, आत्मवंचना आहे आणि ऐन वेळी माघार घेणेही आहे. तरीही त्या भग्न संसारात बर्वेला जे मिळाले ते त्याला कंपनीने दिले नव्हते, श्यामरावाने दिले नव्हते आणि ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीवेषातील पुरुषांवर टाळ्यांचा वर्षाव केला, त्यानेही दिले नव्हते. उदबत्ती जळून गेल्यावर सुगंध काही काळ खोलीत रेंगाळतो आणि काडीच्या जागी राख राहते. संगीत रंगभूमीच्या इतिहासाने आजवर बहुधा सुगंधाचेच वर्णन केले. आळेकरांच्या नाटकाने राखेकडे लक्ष वेधले. स्त्रीपार्टी नटांच्या परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी, विशेषतः जेथे शाहिरीचा आणि नाटकाचा असा दुहेरी वारसा आहे त्या सोलापूरसारख्या नगरात, त्या अनाम सख्या-दासींच्या आयुष्यांचा मागोवा घेण्याचे काम अद्याप करावयाचे राहिले आहे.